वाकळीच्या पोटात

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आमच्या घरात शिरली ती आठ-नऊ दिवस हललीच नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या घरात किती होतं ते भिंतीवरची रेघ अजून सांगते, दोनदा चुना मारला तरी ती वर येतेच. पाणी उतरल्यावर आम्ही परत आलो, तर कणगीतले गहू कुजून आंबूस वास सुटलेला, टीव्ही उपडा, कपाटाची दारं फुगून बसलेली. आईनं यातलं काही बघितलं नाही. उंबऱ्यातूनच विचारलं, "वाकळा कुठं हायत?"

वाकळा अकरा होत्या. मधल्या घरात लाकडी फळीवर घडी करून ठेवलेल्या. कोरडी वाकळ पोरगंसुद्धा काखेत मारून नेतं, पण आठवडाभर पाण्यात राहिलेली उचलायला दोन गडी लागतात. चिखल तिच्या पोटात शिरलेला असतो, धुऊन निघत नाही. भाऊबंदांच्या ट्रॉलीत आम्ही एकेक टाकत होतो आणि आई दारात बसून मोजत होती. मोजत म्हणजे आकड्यानं नव्हे. "ही आत्याबाईंच्या लुगड्याची. ही तुझ्या बापाच्या धोतराची. ही सुमीच्या बाळंतपणातली." सातव्या वाकळीला ती थांबली, माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही. त्या वाकळीचं मलाही ठाऊक होतं. ते पुढं सांगतो.

आमच्या लहानपणी घरात कापड विकत यायचं वर्षातून एकदा, फार तर दोनदा. एकदा आलेलं मात्र घरातून जायचं नाही. आईचं लुगडं मधोमध विरलं की ती ते आडवं फाडायची, विरलेला भाग काढून टाकायची आणि दोन्ही धड टोकं जोडून दंड घालायची. ते लुगडं आणखी वर्ष-दीड वर्ष चालायचं. मग त्याचं परकर-झंपर, दुपटं, बाळोती. नव्या बाळाला नवं कापड आमच्याकडं कुणी घालायचं नाही. ते टोचतं, आणि जुनं शंभर वेळा धुतलेलं असतं म्हणून मऊ. घरात जो सगळ्यात म्हातारा असेल त्याच्या धोतराची बाळोती करायची, म्हणजे बाळाला त्याचं आयुष्य लागतं, असं आजी म्हणायची. बाळोत्याचं पुढं फडकं, फडक्याची पाण्याच्या घागरीखाली चुंबळ, चुंबळ सुटली की सारवायचं पोतेरं. पोतेरं शेणामातीबरोबर भिंतीतच संपायचं. दिव्याची वातसुद्धा जुन्या धोतराची. कापूसच तो, तेल पितो.

या सगळ्यातून जे उरायचं ते वाकळीच्या पोटात. वर-खाली जुनी लुगडी, मध्ये थरावर थर. सदरे उसवून सरळ केलेले, फाटक्या बंड्या, टोपीची कापडं. दाभणासारखी लांब सुई, दोऱ्याचं रीळ, आणि कडेकडेनं सुरुवात करून आत आत येणारा धावदोरा. उन्हाळ्यात शेतातली कामं कमी झाली की चार बाया अंगणात चार कोपऱ्यांना बसायच्या. कुणाची वाकळ घालायची असेल तिनं फक्त चहा करायचा. मजुरी नव्हती. आज तिच्याकडं, उद्या माझ्याकडं.

आता सातव्या वाकळीचं. मी चौथीत असेन. आई पाटलांच्या वाड्यावर धान्य निवडायला, सारवायला जायची. एकदा दिवाळीच्या आधी तिनं ओटीतून एक सदरा आणला. पांढरा, बारीक निळ्या रेघांचा. पाटलीणबाईंनी दिलेला. कॉलर झिजली होती ती तिनं शिंप्याकडून उलटवून घेतली, बटणं बदलली. मला तो नवाच वाटला. पहिल्याच दिवशी शाळेत पाटलांच्या धाकट्यानं माझ्या खिशाला हात लावला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यो माझ्या दादाचा हाय. ह्यो बघा शाईचा डाग." खिशाच्या आतल्या बाजूला खरंच डाग होता. आईनं बटणं बदलली होती, खिसा उलटून बघितला नव्हता.

मी घरी आलो तो उघडाच. सदरा वाटेत उकिरड्यात टाकला होता. आईनं मारलं नाही, बोललीही नाही. जाऊन तो शोधून आणला, राखेनं धुतला, वाळवला. तो मला परत घालायला लावला नाही. त्या उन्हाळ्यात वाकळ घातली तेव्हा तो सदरा तिच्यात गेला. पोटात नव्हे, वरच, उजव्या बाजूला, खांद्याशी येईल असा. पुढं कित्येक वर्षं मी तीच वाकळ पांघरून झोपलो. अंधारातसुद्धा बोटांना निळ्या रेघेचं कापड कुठं आहे ते कळायचं. ते जरा गुळगुळीत होतं. पाटलाचं कापड म्हणजे बारीक सुताचं.

सुताचं मला कळायला लागलं ते पुढं. १९७६ ला मी इचलकरंजीला मागावर गेलो. आधी कांड्या भरायला, मग चार माग सांभाळायला, शेवटी जॉबर झालो. माग बिघडला की मला हाक. धोट्याचा आवाज ऐकून कुठला दोरा तुटणार ते सांगायचो. तेव्हा गावात टेरिकॉटची चलती होती. लग्नात नवऱ्या मुलाला टेरिकॉटचा सदरा नसला तर वरमाई रुसायची. चुरगळत नाही, इस्त्री नको, दहा वर्षं फाटत नाही. मीही पहिल्या पगारात बापासाठी टेरिकॉटचंच कापड नेलं होतं. आईनं ते दोन बोटांत धरलं, बोट जिभेला लावून ओलं केलं आणि कापडावर टेकवलं. पाणी वरच्या वर राहिलं. "घाम कुठं जायाचा ह्यातनं?" एवढंच म्हणाली.

तिचं म्हणणं पुढं खरं ठरत गेलं. टेरिकॉटच्या जुन्या सदऱ्याचं बाळोतं होईना, शू वाहून जायची. चुंबळ होईना, घागर घसरायची. वात होईना, जळताना थेंब थेंब गळायची. वाकळीत घातलं तर थर सरकायचे, आणि तेवढ्या जागी थंडीत गार, उन्हाळ्यात उकडायचं. शेजारची एक सून नायलॉनच्या साडीत चुलीपुढं पेटली होती. ती वाचली, पण कापड अंगाला चिकटून आलं. तेव्हापासून आईनं असलं कापड चुलीजवळ येऊ दिलं नाही. मी मात्र रोज बारा तास तेच विणत होतो.

१९९६ साली मालकांबरोबर जुने माग बघायला पानिपतला गेलो. आपल्याला पानिपत म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. स्टेशनाबाहेर पडलो तर जिकडंतिकडं ट्रकात गाठोडी. थंड देशांतले लोकरीचे कोट, स्वेटर, शाली. कांडला बंदरात उतरून तिथवर आलेले. प्रत्येकाला पात्यानं कापे मारलेले, म्हणजे कुणी घालायला विकू नये. शेडमध्ये बाया मांडी घालून विळीसारख्या पात्यावर बटणं, चेन, अस्तर काढत होत्या. एका बाजूला लाल ढीग, दुसरीकडं निळा, हिरवा, करडा. रंगानं निवडायचं, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. लाल चिंध्यांचं लाल सूत. मग त्या चिंध्या काट्यांच्या यंत्रात घालून पिंजायच्या, तंतू मोकळा करायचा, कातायचा. त्याला तिथं शोडी म्हणतात. पिंजताना तंतू तुटतो, आखूड होतो, म्हणून सूत जाड आणि हलकं निघतं. अंगात घालायचं कापड त्याचं होत नाही, ब्लँकेट होतं. पूर आला, भूकंप झाला की वाटतात ती ब्लँकेटं बहुतेक तिथलीच.

मी तिथं उभा राहिलो आणि मला आईचं अंगण आठवलं. काम तेच. फक्त इथं कोट कुणाचा होता ते कुणाला ठाऊक नव्हतं. एका बाईनं कोटाच्या आतल्या बाजूला शिवलेली नावाची पट्टी मला दाखवली, "पढो," म्हणाली. मला कुठं वाचता येतं इंग्रजी? तिनं ती पट्टी कापून ढिगात टाकली.

पुराच्या आठवड्यात आम्ही वरच्या गावातल्या शाळेत होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मदतीचे ट्रक यायला लागले. लोकांनी मनापासून पाठवलं, भाकरी-चटणीपासून जनावरांच्या चाऱ्यापर्यंत. मी कुणाला नावं ठेवत नाही. पण कपडेही आले, आणि ते इतके आले की शाळेचा व्हरांडा भरला. निवडलेले नव्हते. पावसात पोती फुटली होती. पार्टीचे झगमगीत झगे, फाटक्या जिन्स, एका पायाचे मोजे, न धुतलेले आतले कपडेसुद्धा. ट्रकवरची पोरं वरून गठ्ठे फेकत होती, खाली माणसं झेलत होती. माझ्या डोळ्यांपुढं चौथीचा वर्ग आला.

आईला कुणीतरी एक साडी आणून दिली. तिनं घेतली नाही. ओल्या लुगड्यानं बसून राहिली. मी म्हटलं, "आये, घे की. आयुष्यभर दुसऱ्याचंच घातलंय आपण." तर म्हणाली, "घातलंय की. पर ते कुणीतरी हातानं दिलं हुतं. तोंडाकडं बघून." मग माझ्या बायकोनं आपली सुकलेली साडी तिला नेसवली आणि स्वतः ती आलेली साडी नेसली. पाणी उतरलं तेव्हा व्हरांड्यातल्या ढिगातला निम्म्याच्या वर तसाच पडला होता. ग्रामपंचायतीनं तो रस्त्याकडेला ओढला, पुढं पेटवला. दोन दिवस काळा धूर होता. लोकर, सूत असं जळत नाही.

ब्लँकेट मात्र आईनं घेतलं. करडं, चौकड्याचं, खरबरीत. रात्री पांघरून पडली होती आणि बोटानं एक दोरा उकलत होती. मला म्हणाली, "ह्यात तांबडं हाय बघ." करड्या सुतात खरंच मध्ये मध्ये लाल तंतू होते, निवडताना राहून गेलेले. मग मी तिला पानिपतचं सगळं सांगितलं. कोट, कापे, बाया, ढीग. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे ही बी वाकळच की गं?" तिला 'रे' म्हणायचं होतं. झोपेत होती.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं धरलं की एक वाकळ घालायची. ऐंशीच्या पुढं वय, एका डोळ्याला मोतीबिंदू. पण धरलं. आणि तेव्हा आम्हाला कळलं की घरात वाकळीपुरतं कापडच नाही. कपडे होते. पुण्याहून मुलगा-सून आले की दर वेळी एक पिशवी ठेवून जात. सुनेचे टॉप, लेगिंग, नातीचे फ्रॉक, मुलाचे कंपनीचे टी-शर्ट. फाटलेलं एकही नाही. नुसते नको झालेले.

त्यात माझ्या भाच्यानं भर घातली. तो भिवंडीला एका गोदामात कामाला आहे, ऑनलाइन मागवलेले कपडे परत येतात त्या विभागात. पूर्वी तिथं नुसते माग होते, आता मागांच्या शेजारी गोदामं. त्याचं काम तो मला सांगतो तेव्हा मला हसू येतं आणि मग येत नाही. "मामा, एक बाई तीन मापं मागवती. एक ठेवती, दोन परत. कुणी लग्नात घालून परत पाठवतंय. काखेचा वास घ्यायचा, कॉलरला पावडर हाय का बघायची, हळदीचा डाग बघायचा." काहीजण पैसे दारात देतो म्हणून मागवतात आणि डिलिव्हरीवालं पोरगं दारात आलं की नको म्हणतात. तेही परत. प्रत्येक नग उघडायचा, उजेडात धरायचा, केस-धागे काढायचे, वाफेची इस्त्री, नवी प्लास्टिकची पिशवी. अडीचशे रुपयांच्या टॉपवर एवढं करत बसलं तर त्याच्या किमतीपेक्षा करणावळ जास्त. म्हणून बारीक खोट असलेले नग वेगळे काढतात, पट्टी कापतात आणि किलोवर लॉट विकतात. घेणारा पोतं उघडूनही बघत नाही. त्यातलंच काही आमच्या आठवडी बाजारात ताडपत्रीवर येतं, "कोणताही घ्या शंभर". फ्रान्सनं २०२० साली कायदा करून न विकलेले कपडे जाळायला, फेकायला बंदी केली, हे मी पेपरात वाचलं होतं. ते भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलं. पर मग ठेवायचे कुठं?"

तर आजी वाकळ घालणार हे कळल्यावर त्यानं त्या लॉटमधली दोन पोती स्वस्तात उचलून ट्रॅव्हल्सवर टाकून दिली. त्याला वाटलं, कापड ते कापड.

आम्ही अंगणात बसलो. मला जॉबराची खुमखुमी. प्रत्येक कपड्याचा एक दोरा काढायचा आणि काडी लावायची. सूत असलं तर कागदासारखं जळतं, राख होते, बोटांत चुरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं, टोकाला काळा मणी होतो. मिसळ असली तर दोन्ही, थोडी राख, थोडा मणी. ही मिसळच वाईट. ती ना कापूस राहते, ना नुसतं पॉलिस्टर, आणि दोन्ही वेगळं करणं यंत्रालाही सोपं नाही. त्यात लायक्राचा दोरा असला तर पिंजायच्या यंत्रात तो ताणला जातो, गुंततो. "अवो, दिवाळी लावलीया का?" म्हणून बायको ओरडली. आई तिकडं बोट ओलं करून कपड्यावर टेकवत होती आणि माझ्या काडीच्या दुप्पट वेगानं बाजूला टाकत होती. तिची एकही निवड चुकली नाही. मी तिच्या ढिगातले दोन-तीन गुपचूप जाळून बघितले.

दोन पोत्यांतून निघालं काय, तर सुनेचा एक सुती कुर्ता, दोन लहान झबली आणि एक चादरीचा तुकडा. माझ्या तीन बंड्या आणि एक जुना सदरा, भाऊबंदांकडून मागून आणलेलं एक धोतर, बायकोच्या दोन सुती साड्या. साड्या वर-खाली झाल्या. पण पोट रिकामंच. चार थरांनी वाकळ होत नाही.

उरलेली पोती न्यायला मी बोहारणीला बोलावलं. इस्लामपूरच्या बाजारात बसते, महिन्यातून एकदा गावात येते. तिनं पोत्यात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. "बाबा, जिन पँट असंल तर द्या. जरीची साडी असंल तर कढई देते. ह्या चमकीला चमचा बी येत न्हाई." पूर्वी हिच्याच सासूनं आमच्या घरातल्या एका जरीच्या लुगड्यावर पितळी पातेलं दिलं होतं. त्या जरीत चांदी होती, आटवून निघायची. ती रागावली नव्हती. चहा पिऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आईनं अंगणात साडी अंथरली होती, चारी कोपऱ्यांना दगड, आणि मध्ये ते पुराचं करडं ब्लँकेट. कडेला कात्री मारून साडीच्या मापाचं केलेलं. बायको म्हणाली, "आत्या, धड ब्लँकेट हाय, कशाला घालवताय?" आई म्हणाली, "टोचतंय ते. आत असंल तर न्हाई टोचायचं." त्याच्यावर तिनं बंड्या पसरल्या, धोतर पसरलं, झबली पसरली. चार बाया आता कुठून येणार? एका कोपऱ्याला बायको बसली, एका कोपऱ्याला मी. मागावर उभं आयुष्य गेलं, सुई मात्र हातात आजच आली. माझे टाके बोटभर पडत होते. आई ते उसवायची आणि काही न बोलता परत घालायची.

वरची साडी घालण्याआधी तिनं माझा जुना सदरा उचलला. उजव्या बाजूला, खांद्याशी येईल अशा जागी धरला. नीट दिसत नव्हतं म्हणून हातानं चाचपला, मग खिसा उलटा करून आत बोट फिरवलं.

"डाग हाय का रं ह्यात?"

"न्हाई, आये."

मग तिनं तो टाचला.

वाकळ व्हायला पावसाळा उजाडला. ती दोन पोती आम्ही माळ्यावर टाकली, पुन्हा पाणी आलंच तर तिथवर पोचू नये म्हणून. पुढं २०२१ ला पाणी आलंही. वाकळ आम्ही सगळ्यात आधी बाहेर काढली. पोती कुणी काढली नाहीत, पण ती उंचावर होती, भिजली नाहीत. गेल्या दिवाळीत भाचा आला होता. त्याला म्हटलं, "लेका, एवढं परत घेऊन जा की."

तो हसला. "मामा, परत आलेलंच हाय ते. आता आन् कुठं परत न्यायचं?"